थोडा उतार आहे

फेब्रुवारी २००८. रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. शहर आवृत्तीचं देश-विदेशचं पान सोडायला वीस मिनिटं उरली होती आणि पानाच्या तळाशी, डाव्या हाताला, दोन कॉलमांची जागा रिकामी पडली होती. जाहिरात ऐनवेळी रद्द झाली होती. पान लावणारा ऑपरेटर टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, "मॅडम, काहीही द्या, पण दीडशे शब्दांचं द्या." मी तेव्हा एका मराठी दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होते. एजन्सीच्या कॉप्या खालीवर करताना लंडनहून आलेली एक हाती लागली: नैराश्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या आणि औषध नसलेल्या नकली गोळ्या यांच्या परिणामात फारसा फरक नाही, असं संशोधन. दहा मिनिटांत भाषांतर केलं, खालचे तीन परिच्छेद कापले (बातमी नेहमी खालून कापायची, हे डेस्कवर पहिल्याच आठवड्यात शिकवतात) आणि मथळा दिला: "नैराश्यावरील गोळ्या निरुपयोगी!"

उद्गारचिन्ह माझं. दुसरी ओळ आखूड पडत होती, म्हणून.

'निरुपयोगी' हा शब्दही माझाच. कॉपीत म्हटलं होतं ते असं की आजार फार तीव्र नसेल तर वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा म्हणावा इतका फरक दिसत नाही. एवढं काही दोन कॉलमांत मावत नाही. आणि खरं सांगायचं तर मावलं असतं तरी मी ते घातलं नसतं. 'महत्त्वाचा म्हणावा इतका' असं काही वाचलं की मुख्य उपसंपादक चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "म्हणजे काय? आहे की नाही ते सांग."

दोनेक आठवड्यांनी साताऱ्याहून मावसभावाचा फोन आला. आईला घेरी येतेय, रात्र रात्र झोप नाही, उठताबसता रडू येतंय, आणि सारखी म्हणतेय की डोक्यात करंट मारल्यासारखं होतंय. बीपीची गोळी तिनं परस्पर बंद केलीय.

बीपीची गोळी बंद केली तर डोक्यात करंट कसा मारेल, असं मी विचारलं. तेव्हा पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग कळलं की आमच्या घरात चार वर्षं जिला बीपीची गोळी म्हणत होते ती पॅरॉक्सेटिन होती, नैराश्यावरची गोळी. मावशीला बीपी नव्हतंच. शेजारीपाजारी, सोयरे, आणि मी धरून सगळी भाचवंडं, सगळ्यांना बीपीच सांगितलेलं.

मी शनिवारी गेले. मावशीनं विजेच्या बिलांच्या डब्यातून एक कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं. "तुझ्याच पेपरात आलंय. तू लिहिलंस का गं?"

"नाही," मी म्हणाले. "एजन्सीची बातमी आहे ती."

असल्या बातम्यांना नाव नसतं, त्यामुळे ते खोटं ठरायला काही वाव नव्हता.

तिचे डॉक्टर शांत गृहस्थ होते. ही गोळी एकदम तोडायची नसते, पायरी-पायरीनं उतरवायची असते, एवढं त्यांनी तिला नीट समजावलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. मी बातमीचा विषय काढला तर म्हणाले, "पेपरवाल्यांचं काही मनावर घेऊ नका हो." संशोधन त्यांनीही वाचलेलं नव्हतं. मी वाचलं नव्हतं, ते सांगायला नकोच. ज्यात ते छापून आलं ती 'पीएलओएस मेडिसिन' नावाची पत्रिका कुणालाही फुकट वाचता येते, हे मला दहा वर्षांनी समजलं.

दहा वर्षांनी, म्हणजे फेब्रुवारी २०१८ मध्ये. मी वर्तमानपत्र सोडून घरून भाषांतरं करू लागले होते. सकाळी चहा घेताना फोनवर लंडनच्याच 'गार्डियन'चा मथळा दिसला: औषधं लागू पडतात, अशा अर्थाचा. याच 'गार्डियन'नं २६ फेब्रुवारी २००८ ला पहिल्या पानावर छापलं होतं की चार कोटी लोक घेतात ती प्रोझॅक ही नैराश्यावरची गोळी लागू पडत नाही, असं शास्त्रज्ञ म्हणतात. त्या दिवशी तिथल्या आणखी दोन मोठ्या दैनिकांच्या मथळ्यांतही तेच क्रियापद होतं. १९९७ साली ब्रिटनमध्ये एक गाणं फार गाजलं होतं, त्याच्या ध्रुवपदात 'ड्रग्ज डोन्ट वर्क' हेच शब्द आहेत. मथळे देणाऱ्यांच्या कानात ते घुमत असणार. आमच्या डेस्कवरही नाट्यगीतांच्या ओळींवर कितीतरी मथळे बेतले जायचे. ओळ जुळली की अर्थाकडे कोण बघतो.

त्या दिवशी मी पहिल्यांदा दोन्ही संशोधनं मुळातून वाचायला घेतली. आकडेमोडीचा मला तिटकारा आहे, त्यामुळे आठवडा गेला.

२००८ चं काम अर्विंग कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. आपल्या माहितीच्या अधिकारासारखा कायदा अमेरिकेत आहे. त्याच्या जोरावर त्यांनी कंपन्यांनी तिथल्या औषध नियंत्रकाकडे दिलेली आकडेवारी मिळवली. चार औषधं, ३५ चाचण्या, ५,१३३ रुग्ण. नैराश्य मोजायला हॅमिल्टन यांची १९६० सालची प्रश्नावली असते. १७ प्रश्न, जास्तीत जास्त ५२ गुण, आणि गुण जितके जास्त तितका आजार मोठा. गोळी घेणाऱ्यांचे गुण सरासरी ९.६ नं उतरले. नकली गोळी घेणाऱ्यांचे ७.८ नं. फरक १.८ चा. फरक महत्त्वाचा म्हणायला ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनं आधी आखून ठेवलेली रेघ होती ३ गुणांची. रेघेच्या वर पोहोचले ते फक्त अत्यंत तीव्र नैराश्याचे रुग्ण.

२०१८ चं काम ऑक्सफर्डच्या अँड्रिया सिप्रियानी यांच्या गटाचं, 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत आलेलं. २१ औषधं, ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण. एकवीसच्या एकवीस औषधं नकली गोळीपेक्षा सरस निघाली, कुणी जास्त, कुणी कमी.

आता गंमत बघा. अशा संशोधनांत वेगवेगळ्या मोजपट्ट्या एका मापावर आणून फरक किती ते सांगतात. कर्श यांच्या कामात ते माप येतं ०.३२. सिप्रियानींच्या कामात ०.३०. 'लागू पडत नाहीत' म्हणणाऱ्या मथळ्याखालचा आकडा 'लागू पडतात' म्हणणाऱ्या मथळ्याखालच्या आकड्यापेक्षा केसभर मोठाच होता. मी तो तीनदा तपासला. मला वाटलं माझीच काहीतरी चूक होतेय.

०.३ म्हणजे किती? एका शाळेतल्या दोन तुकड्यांमधली मोठी मुलं रांगेत उभी करा. एका तुकडीची सरासरी उंची दुसरीपेक्षा साधारण दोन सेंटीमीटरनं जास्त आहे असं समजा. लांबून बघणाऱ्याला फरक दिसणार नाही; मोजपट्टी लावली तर नक्की सापडेल; आणि कमी उंचीच्या तुकडीतली कितीतरी मुलं दुसऱ्या तुकडीतल्या मुलांपेक्षा उंच असतील. असा तो फरक आहे. त्याला शून्य म्हणणं खोटं आणि चमत्कार म्हणणंही खोटं. माणसांच्या भाषेत ढोबळ सांगायचं तर १०० जणांना गोळी दिली की दीड-दोन महिन्यांत ४० ते ६० जणांना बरं वाटतं, नकली गोळी दिली तर २० ते ४० जणांना.

हे वाचताना मला मराठीतले शब्द आठवायला लागले. आपण औषध 'काम करतं का' असं विचारत नाही, निदान मावशीच्या पिढीपर्यंत तरी विचारत नसत. 'लागू पडलं का?' असं विचारतात आणि कुणाला, हे त्यातच आलेलं असतं. 'गुण आला का?' 'उतार पडला का?' हा उतार मला फार नेमका वाटतो. तापाला उतार पडतो, खोकल्याला पडतो, पुराच्या पाण्यालाही पडतो. 'थोडा उतार आहे' असं सहज म्हणता येतं. 'थोडं निरुपयोगी' म्हणून बघा.

आणि हातगुण. प्लासिबोला, म्हणजे त्या नकली गोळीला, मराठी प्रतिशब्द शोधायला आपण परिभाषा कोश उघडतो, पण अमुक डॉक्टरांना हातगुण आहे असं आजी म्हणायची तेव्हा ती दुसरं काय सांगत होती? तीच गोळी, तेच इंजेक्शन, पण त्यांच्या हातून घेतलं की बरं वाटतं. नकली गोळीवाल्यांचे ते ७.८ गुण कुठून उतरले, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथं आहे. चाचणीत कुणीतरी ठरल्या दिवशी समोर बसवून विचारतं, झोप कशी आहे, भूक कशी आहे, मनात काय येतं. घरी कोण विचारतं? शिवाय माणूस दवाखाना गाठतो तोच आजार टिपेला पोचल्यावर, त्यानंतर काळानंही थोडा उतार पडतोच. म्हणजे गोळी घेऊन बऱ्या झालेल्या माणसात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: औषध, हातगुण आणि काळ. मथळ्याला त्यांतल्या एकीवरच शिक्का मारायचा असतो, हो किंवा नाही.

खरी बातमी तर वेगळीच होती. ती माझ्या पानापर्यंत आलीच नाही. कर्श यांच्या आधी सहाएक आठवडे, १७ जानेवारी २००८ ला, एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक हिशेब मांडला होता. टर्नर स्वतः पूर्वी त्याच औषध नियंत्रकाकडे काम करत होते. त्यांनी १२ औषधांच्या ७४ चाचण्या घेतल्या. नियंत्रकाच्या मते ३८ चाचण्यांत औषधाच्या बाजूनं निकाल लागला होता. त्यांतल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ चाचण्यांचा निकाल विरुद्ध किंवा संशयास्पद होता. त्यांतल्या २२ कुठंच छापल्या गेल्या नाहीत, ११ अशा छापल्या गेल्या की वाचणाऱ्याला वाटावं औषध जिंकलं, आणि जे घडलं ते सरळ सांगितलेल्या निघाल्या ३. डॉक्टर मंडळी पत्रिकांमधून वाचत होती त्या चित्रात ९४ टक्के चाचण्या यशस्वी होत्या. कपाटातल्या फायली धरल्या तर ५१ टक्के.

बावीस चाचण्या! त्यांत हजारो माणसांनी गोळ्या घेतल्या असतील, रक्त दिलं असेल, प्रश्नांची उत्तरं देताना रडली असतील. ते सगळं फायलीत गेलं. आमच्या पानावर याला एक ओळसुद्धा मिळाली नाही, कारण 'चाचण्या दडवल्या' ही बातमी कुणाला लागू पडते ते चटकन सांगता येत नाही. गोळी कामाची की बिनकामाची, हे घराघरात लागू पडतं.

आणि या टर्नर यांनी सगळ्या फायली धरून काढलेलं माप किती होतं? ०.३१. तरी ते कर्श यांच्यासारखं म्हणाले नाहीत. पेला पूर्ण भरलेला मुळीच नाही, पण रिकामाही नाही, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं. एकाच मापाकडे बघून दोन जाणकार दोन गोष्टी बोलतात तेव्हा भांडण आकड्याचं नसतं, रेघ कुठं ओढायची याचं असतं. ती ३ गुणांची रेघ काही निसर्गानं आखलेली नव्हती. हॅमिल्टनच्या प्रश्नावलीत झोपेचेच तीन प्रश्न आहेत आणि त्यांचे मिळून सहा गुण होतात. म्हणजे मनाला काडीचा फरक न पडता नुसती झोप सुधारली तरी माणूस रेघ ओलांडेल. उलट मावशी बरी व्हायला लागली हे मला कशावरून कळलं? तिनं कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घातली त्यावरून. त्याला गुण नाहीत.

बातमीदाराला झोडपून मोकळं व्हावंसं वाटतं, मलाही वाटायचं. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ब्रिटनच्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. त्यांतल्या ४० टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा वाढवून चढवून सल्ला दिलेला होता. पत्रक फुगवलेलं असेल तर बातमी फुगण्याची शक्यता कितीतरी पट वाढत होती. पत्रक सरळ असेल तर बातमीही बऱ्याच वेळा सरळच येत होती. २०१८ च्या वेळी लंडनमधल्या एका प्राध्यापकांनी पत्रकारांसाठी दिलेल्या प्रतिक्रियेत म्हटलं होतं की या संशोधनानं वाद एकदाचा निकालात काढला. ते वाक्य सगळीकडे छापून आलं. त्याच शोधनिबंधात लिहिलं होतं की बहुतेक चाचण्या आठ आठवड्यांच्या आसपासच्या आहेत, ७८ टक्के चाचण्यांना औषध कंपन्यांचा पैसा आहे, आणि पक्षपाताचा धोका कमी आहे असं म्हणता येईल अशा चाचण्या फक्त १८ टक्के. मावशीनं गोळी चार वर्षं घेतली होती. आठ आठवड्यांवरून चार वर्षांचं काय सांगणार?

हे सगळं मी २०१८ मध्ये साताऱ्याला गेले तेव्हा मावशीला सांगितलं. दोन्ही मथळे मराठीत करून वाचून दाखवले. तिनं शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आधी लागू पडत नव्हत्या, आता पडायला लागल्या? गोळी बदलली का त्यांनी?"

"नाही. गोळी तीच."

"मग आजार बदलला?"

तेव्हाच मी तिला सांगून टाकलं की ते कात्रण माझं होतं. मथळा माझा होता. दहा वर्षं पोटात ठेवलेलं असं भाजी चिरताना बाहेर आलं. ती म्हणाली, "अगं, मला बंदच करायची होती. बीपी बीपी सांगून कंटाळा आला होता. त्या दिवशी पेपरात दिसलं, म्हटलं बरं झालं." मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचाच राग आला. कारण हे काही तेवढंसं सोपं नव्हतं. माणूस बहुतेक वेळा आधी ठरवतो आणि मग बातमी शोधतो, हे खरं. पण ते ठरवलेलं हातात देणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम त्या रात्री एका आखूड ओळीनं केलं.

पुढे जुलै २०२२ मध्ये आणखी एक लाट आली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनांचा आढावा घेऊन म्हटलं की नैराश्य हे मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडल्यामुळे होतं याला सुसंगत पुरावा नाही. प्रश्न होता आजार कशानं होतो याचा. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते येईपर्यंत झालं होतं: गोळ्यांचा बुडबुडा फुटला. मी तिथं लिहिलं, आल्याच्या चहानं घसा मोकळा होतो, म्हणून काही घसा बसतो तो अंगातलं आलं कमी झाल्यामुळे नव्हे. दोन अंगठे आले आणि एक गुड मॉर्निंग. पण खरं सांगायचं तर ते सेरोटोनिनचं सोपं गणित लोकांच्या डोक्यात कुणी भरवलं? कंपन्यांच्या जाहिरातींनी, आणि रविवारच्या पुरवण्यांनी. 'मेंदूतील रसायनांचा तोल ढळल्याने' हे वाक्य मी स्वतः निदान तीन लेखांत लिहिलंय. लाज वाटू नये म्हणून लिहिलं होतं, मधुमेहासारखाच आजार आहे हे लोकांना पटावं म्हणून. हेतू चांगला होता. उद्गारचिन्हामागचा हेतूही वाईट नव्हताच, ओळ भरायची होती.

एक गोष्ट मात्र लंडनच्या मथळ्यांना ठाऊक नसते. तिथं तो मथळा पडतो तो बहुतांशी गोळ्या घेणाऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्या पुढ्यात. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की नैराश्य, चिंता यांसारख्या सामान्य मानसिक आजारांच्या ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ('निम्हान्स'नं केलेल्या त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपण फार वेगळे असू असं मला वाटत नाही.) इथं 'निरुपयोगी!' वाचणारा बहुधा गोळी न घेणारा असतो. घरात कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलेलं असतं आणि 'मन घट्ट कर' हा एकच औषधोपचार चालू असतो. त्याला ती ओळ फार सोयीची पडते.

काका २०१६ मध्ये गेले. त्याआधी काही वर्षं डॉक्टरांनी मावशीची गोळी हळूहळू उतरवत पूर्ण थांबवली होती. काका गेल्यावर वर्षभरानं ती पुन्हा सुरू झाली, दुसरी, कमी ताकदीची. आता तिला बीपीही आहे, खरं. त्यामुळे दोन गोळ्या असतात आणि डब्याच्या झाकणावर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय: बीपी, मन.

गेल्या दिवाळीत तिच्याकडे होते. फराळ झाल्यावर एका पाकिटाच्या मागे तो जुना मथळा नव्यानं लिहायचा प्रयत्न करत बसले. दोन कॉलम, दोन ओळी. 'नैराश्यावरील गोळ्यांनी उतार पडतो, थोडा' असं केलं तर 'कुणाला' राहतं. 'काहींना' घातलं की तिसरी ओळ लागते. 'थोडा' काढला की पुन्हा २०१८. पाच-सहा वेळा खोडलं. शेवटी जे उरलं ते चार ओळींचं होतं, कुठल्याही पानावर बसलं नसतं: 'नैराश्यावरील गोळ्यांनी काहींना थोडा उतार, कुणाला पडेल ते आधी सांगता येत नाही'.

मावशीनं चष्मा लावून वाचलं. पाकीट उलटून बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

"यात ते तुझं उद्गारचिन्ह नाही का?" ती म्हणाली.